एक स्टार द्या, दोन पिक घ्या

एकाच बेसमेंटमध्ये, एकाच सोफ्यावर, तीच चार-पाच माणसं सलग पाच सीझन दर रविवारी दुपारी एक वाजता बसली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते पॉपकॉर्नसारखे सोफ्याच्या फटीत जाऊन बसतात. पुढे कधीतरी रिमोट शोधायला हात घातला, की एकेक हाताला लागतो!

बेसमेंट आमचं, अमेरिकेतल्या श्रूजबरी गावातलं. माझा नवरा अविनाश फक्त चिप्सपुरता फुटबॉल बघतो. मॅचचं वेड मला. आणि मॅचपेक्षाही जास्त वेड आमच्याकडे येणाऱ्या दोघांना, म्हणजे प्रसाद बापट आणि वानखेडे यांना. प्रसाद पुण्याचा, माझ्याच ऑफिसात प्रोग्रामर, लॅपटॉपशिवाय टीव्हीसमोर बसत नाही. वानखेडे नागपूरचा, आवाज असा की मॅच म्यूट केली तरी चालावी.

ज्यांना अमेरिकन फुटबॉल कळत नाही त्यांनी घाबरू नये. आम्हालाही पहिली दोन वर्षं कळत नव्हता. एवढंच लक्षात ठेवा: दरवर्षी कॉलेजांतून नवी पोरं येतात आणि टीम्स आळीपाळीने त्यांतला एकेक उचलतात. हा झाला ड्राफ्ट, आणि आपली पाळी म्हणजे पिक. आपला एखादा स्टार दुसऱ्या टीमला देऊन त्यांची पाळी आपण घेऊ शकतो, हा झाला ट्रेड. अशी पाळी घेणं शहाणपणाचं की वेडेपणाचं, यावर या दोघांचं पाच वर्षं भांडण चाललं होतं.

प्रसाद म्हणायचा, "स्टार म्हातारे होतात. पिक कधी म्हातारा होत नाही."

वानखेडे म्हणायचा, "कसा होईल बे? त्याचा अजून जन्मच कुठे झाला!"

* * *

एका वर्षी वानखेडेच्या वाढदिवसाला त्याच्या बायकोने, उज्ज्वलाने, त्याच्या लाडक्या खेळाडूची जर्सी आणली. पाठीवर मोठ्या अक्षरांत नाव. वानखेडेने ती शुक्रवारी संध्याकाळी घातली आणि शनिवारी सकाळी बातमी आली. टीमने त्या खेळाडूला दुसरीकडे पाठवून बदल्यात पुढच्या वर्षीचा एक पिक घेतला होता!

प्रसादने फोन करून अभिनंदन केलं. वानखेडेने फोन आपटला.

रविवारी तो आला तो तीच जर्सी घालून. पण पाठीवरच्या नावावर पांढरी टेप चिकटवलेली, आणि टेपवर मार्करने मराठीत लिहिलेलं: "लवकरच येत आहे."

ही जर्सी त्याने आख्खा सीझन वापरली. ग्रोसरीच्या लाइनीत मागच्या एका गोऱ्या आजोबांनी फार उत्सुकतेने विचारलं, की हे कुठल्या प्लेअरचं नाव?

वानखेडे म्हणाला, "ही इज स्टिल इन कॉलेज."

"इज ही एनी गुड?"

"आय डोन्ट नो सर," वानखेडे म्हणाला, "पण आमचा प्रसाद सेज सो!"

* * *

त्याच हिवाळ्यात माझे सासरे आमच्याकडे राहायला आले. अण्णा कराडच्या एका शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. थंडीमुळे घराबाहेर पडता येईना, म्हणून शाल गुंडाळून बेसमेंटमध्ये येऊन बसायचे. पहिले तीन रविवार एक शब्द बोलले नाहीत. चौथ्या रविवारी त्यांनी प्रसादला विचारलं, "हा ड्राफ्ट म्हणजे काय ते मला नीट सांग."

प्रसादला असं कोणी विचारलं की तो खुर्ची पुढे ओढून बसतो. त्याने सगळं सांगितलं. जी टीम सगळ्यात जास्त मॅच हरली, तिला पहिली पाळी. जी जिंकली तिला शेवटची.

अण्णांनी शाल सावरली. "म्हणजे नापासाला आधी ॲडमिशन?"

"हो अण्णा."

"आणि हे लोक आपल्याला रिझर्व्हेशनवरून प्रश्न विचारतात?"

हाफटाइम झाला. मी चहा आणला. पुन्हा स्टार आणि पिक यांचं भांडण सुरू झालं, तेव्हा अण्णा शांतपणे म्हणाले, "मी हे केलंय."

टीव्हीचा आवाज आपोआप कमी झाला. म्हणजे वानखेडेने केला.

"आमच्या शाळेत गणिताचे एक मास्तर होते. असा माणूस पुन्हा मिळाला नाही. आमच्याच संस्थेच्या दुसऱ्या शाळेला ते हवे होते. बदल्यात ते मला दोन नवीन मास्तर देणार होते, नुकतेच बीएड झालेले. मी विचार केला, एकाच्या जागी दोन. दिले."

"मग?" प्रसाद आणि वानखेडे एकदमच म्हणाले.

"मग काय, दहावीचा निकाल लागला. त्या शाळेचा निकाल फार सुंदर लागला." अण्णांनी चहाचा घोट घेतला. "आणि आमचाही निकालच लागला!"

वानखेडे सोफ्यावरून उठून नाचला. प्रसाद सहजासहजी हार मानणारा नव्हे. तो म्हणाला, "पण अण्णा, त्या दोन नवीन मास्तरांचं पुढे काय झालं? लाँग टर्ममध्ये?"

"एक पोलिसात गेला," अण्णा म्हणाले.

"आणि दुसरा?"

"दुसऱ्याने आमच्या शाळेच्या समोर क्लास काढला."

* * *

एवढं ऐकून तरी माणूस सुधारेल असं वाटत असेल, तर तुम्हाला प्रसाद माहीत नाही. पुढच्या वर्षी तो आमच्या इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी झाला.

उज्ज्वला, म्हणजे वानखेडेची बायको, मूळची चिपळूणची. तिच्या हातचे उकडीचे मोदक म्हणजे आमच्या गणपतीचं मुख्य आकर्षण. गणपतीनंतरचं! आरतीला उशिरा येणारे लोकसुद्धा मोदकांच्या वेळेला हजर असायचे. तासाभराच्या अंतरावरच्या दुसऱ्या एका गावातल्या मंडळाकडे मोदक करणारं कुणीच नव्हतं, पण त्यांच्याकडे दोन दणदणीत ढोलवाले होते.

प्रसादने फोनवर डील करून टाकलं. या वर्षी उज्ज्वला तिकडे मोदक करेल. बदल्यात पुढच्या वर्षी त्यांचे दोन्ही ढोलवाले आमच्याकडे.

आणि हे त्याने उज्ज्वलाला केव्हा सांगितलं? डील झाल्यावर. आमच्या किचनमध्ये.

उज्ज्वला नारळ खवत होती, तो हात थांबला. "प्रसाद भावजी, मी काय पिक आहे का?"

"छे छे! तू स्टार आहेस. पिक ते!"

वानखेडे दारात उभा होता. बायकोचा चेहरा बघून तो चक्क वर निघून गेला. इतक्या वर्षांत वानखेडे एखाद्या वादातून आपणहून उठून गेल्याचा हा एकमेव प्रसंग.

उज्ज्वला गेली. आणि तिकडच्या लोकांनी काय केलं, तर तिला गाडीतून उतरल्यावर ओवाळलं, सगळी भांडी घासायला माणसं दिली, आणि आरतीचं ताट तिच्या हातात दिलं. आमच्याकडे दहा वर्षं मोदक करून तिला आरतीचं ताट एकदाही मिळालं नव्हतं. ते मी तेव्हा मोजलं आणि मलाच लाज वाटली.

इकडे आमच्या गणपतीला फ्रोझन मोदक आले. अण्णांचे मित्र असलेल्या एका काकांनी मोदक ताटलीत ठेवला तर आवाज आला!

घरी परतल्यावर उज्ज्वलाने जाहीर केलं, "पुढच्या वर्षी पण मी तिकडेच जाणार."

प्रसाद म्हणाला, काळजी नको, पुढच्या वर्षी आपल्याकडे ढोल आहेत. आणि ते दोन ढोलवाले शब्दाला जागून आलेही. झब्बे, फेटे, सगळं अगदी व्यवस्थित.

ढोल घरी विसरले होते.

* * *

ऑफिसातला किस्सा मात्र सांगताना मला अजून थोडं अवघड वाटतं.

आमचा मॅनेजर डेव्ह. तोही फुटबॉलवेडा, प्रसादशी त्याची छान गट्टी. एका बुधवारी त्याने प्रसादला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, की सोमवारपासून तू दुसऱ्या डिपार्टमेंटमध्ये. ते बदल्यात आपल्याला दोन नवीन लोक घेऊन देणार आहेत. वर हसून म्हणाला, "यू आर अ फुटबॉल गाय. यू गेट इट!"

सहा वर्षं प्रसादने ते सॉफ्टवेअर रात्रंदिवस सांभाळलं होतं. दुपारी कॅफेटेरियात तो डबा न उघडताच बसला होता. मला म्हणाला, "मेधा, निर्णय बरोबर असेल गं. पण मला एकदा विचारायचं तरी."

रविवारी तो येईल की नाही अशी शंका होती. आला. लॅपटॉप न घेता आला. मला भीती वानखेडेची वाटत होती. पाच वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली, तो त्याच्यासमोर सोफ्यावर येऊन बसला होता! पण वानखेडे उठला, आपली रिक्लायनरची खुर्ची, जिच्यावर तो स्वतःच्या पोरांनाही बसू देत नाही, ती प्रसादकडे सरकवली आणि म्हणाला, "बस बे. इथून स्क्रीन नीट दिसतो." एवढंच. मॅच संपेपर्यंत ट्रेडचा विषय नाही.

दोन नवीन मुलं आमच्याकडे आली. हुशार होती, गोड होती. तिसऱ्या दिवशी त्यातला एक माझ्याकडे येऊन म्हणाला, की या कोडमधल्या कमेंट्स कुठल्या भाषेत आहेत?

मी बघितलं. सगळ्यात महत्त्वाच्या फाइलच्या वरती रोमन लिपीत मराठी लिहिलेलं होतं: "इथे हात लावू नये. का ते मलाही आठवत नाही."

त्यांनी हात लावला होता.

दोन महिन्यांत डेव्हला प्रसाद परत हवा झाला. दुसऱ्या डिपार्टमेंटचा मॅनेजर म्हणाला, जरूर! पण तुमची ती दोन नवीन मुलं आम्हाला द्या. डेव्हने दोघंही दिली.

प्रसाद रविवारी लॅपटॉप घेऊन हजर. "बघा," म्हणाला, "त्या डिपार्टमेंटने एक स्टार दिला आणि दोन पिक मिळवले. थिअरी बरोबर आहे!"

वानखेडेने खुर्ची परत मागून घेतली.

* * *

आता शेवटचा. हा खरं तर सगळ्यात जुना, ऑफिसच्या आणि मोदकांच्याही आधीचा. पण मी नेहमी शेवटीच सांगते.

प्रसादची मुलगी ईशा तेव्हा नऊ वर्षांची. गावातल्या मुलांची फ्लॅग फुटबॉलची लीग होती. यात कुणी कुणाला पाडायचं नाही, कमरेला लावलेलं फडकं ओढायचं, की गडी बाद. ईशाचं फडकं आख्ख्या गावात कुणाच्या हाती लागायचं नाही. पळायला लागली की मागे फक्त तिची वेणी दिसायची.

पालकांच्या मीटिंगमध्ये कोच कोण होणार असं विचारल्यावर सगळ्यांनी बूट बघायला सुरुवात केली, आणि प्रसादने हात वर केला.

एका शनिवारी लायब्ररीच्या हॉलमध्ये सहा कोच जमले. चिठ्ठ्या टाकून आळीपाळीने मुलं निवडायची. खराखुरा ड्राफ्ट! प्रसादला तर स्वर्गच. कोचचं स्वतःचं मूल त्याच्याच टीममध्ये असा नियम. कोच आपणहून सोडायला तयार असेल तर गोष्ट वेगळी.

जिम नावाच्या दुसऱ्या कोचने ईशाला पळताना बघितलं होतं. तो टेबलावर ओणवून हळूच म्हणाला, "गिव्ह मी युअर गर्ल. टेक माय फर्स्ट टू पिक्स."

प्रसाद सांगतो, की त्याने पाच सेकंद विचार केला. नीलिमा, म्हणजे त्याची बायको, म्हणते की एवढा केला असता तर हो म्हणाला नसता.

मी त्या संध्याकाळी पुरणाचं यंत्र परत करायला त्यांच्याकडे गेले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं. नीलिमा पोळ्या लाटत होती. प्रसाद आला, जॅकेट न काढताच उभा राहिला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला.

नीलिमाचं लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी करपायला लागली तरी तिचं लक्ष नाही.

"तू पोरगी देऊन आलास?"

"अगं, एका सीझनपुरती!"

"राहायला तरी ती इथेच आहे ना?"

"नीलू, व्हॅल्यू बघ ना. त्याचे सगळ्यात आधीचे दोन पिक..."

तेवढ्यात जिन्यावर आवाज झाला. ईशा पायमोजे घालून तिसऱ्या पायरीवर उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

 मी उगीचच पुरणयंत्राचं हँडल फिरवलं. प्रसादचा चेहरा इतका पडला की मला त्याची दया आली. आपण काय करून बसलो ते त्याला बहुधा त्याच क्षणी कळलं. तो जिन्यापाशी गेला, गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "ईशू, लिसन, बेटा..."

ईशाने हाताची घडी घातली. हनुवटी थोडी थरथरत होती. आता ही रडणार, असं समजून नीलिमा लाटण्यासकट पुढे झाली.

"हू डिड यू गेट फॉर मी?" ईशाने विचारलं.

"रायन," प्रसाद म्हणाला, "अँड दॅट टॉल किड. केव्हिन."

ईशाने बापाकडे बघितलं. मग आईकडे. मग पुन्हा बापाकडे.

"ओन्ली टू?"