न्हाणीतले दोन नळ

सन १९५८. मी सव्वीस वर्षांचा. ‘वायच जिरांदे’, म्हणजे जरा मुरू दे, म्हणून हातातला पाना खाली ठेवणारा एक म्हातारा मिस्त्री तेव्हा माझ्या डोक्यात जायचा. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण लिहितो ते खरं लिहितो.

मालवणात समुद्राला लागून एका साहेबांनी जुना बंगला घेतला होता. न्हाणीत इंग्रजांच्या वेळचा लोखंडी टब, त्याला दोन पितळी नळ. खाऱ्या वाऱ्याने हिरवे पडलेले, आटे पाइपात धरून बसलेले. साहेबांना तेच नळ न मोडता सोडवून, घासूनपुसून परत बसवायचे होते. म्हणून आम्ही दोघे, तो म्हातारा मिस्त्री आणि त्याच्या हाताखाली मी.

म्हातारा सांध्याला चिंधी गुंडाळायचा, तिच्यावर घासलेट आणि खोबरेल सोडायचा. मधेच हातोडीने टकटक, झोपलेल्या पोराला थोपटावं तशी. मग कान लावून बसायचा. तुम्हीही असली माणसं पाहिली असतील. घाई म्हणजे त्यांना शिवी.

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, “मिस्त्रीनू, नळ काढतास की लोणचा घालतास?”

बंगल्याच्या भिंती लिंपणारे गवंडी खो खो हसले.

“हस रे झिला,” तो म्हणाला. “पितळ ओढलस तर मोडतला.”

त्याची मनगटं गेली होती. तो लपवायचा, पण मी बघितलं होतं. चौथ्या दिवशी साहेब आले तेव्हा त्याने पहिल्या नळाला पाना लावला. मनगट वळलं नाही, पाना सुटून टबात पडला. मी तो उचलला नि एकच हिसका दिला. नळ लोण्यातून निघावा तसा आला. ते काम त्याच्या चार दिवसांच्या तेलाचं होतं. मला ठाऊक होतं. तरी नळ मीच साहेबांपुढे धरला.

साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, “उद्यापासून तुम्ही एकटेच या. त्यांना तसं सांगा.”

संध्याकाळी सांगता आलं असतं. मला चारचौघांत सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकात उभा राहिलो. गवंडी आत शिरत होते. म्हातारा तेलाची बाटली घेऊन आला.

“तुका आता हय काम नाय,” मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरेतुरे केलं. “साहेबान सांगल्यान.”

त्याने गवंड्यांकडे बघितलं. कोणी हसलं नाही. मग त्याने बाटली माझ्या हातात दिली.

“दुसऱ्या नळाक आजून दोन दिस जिरांदे. मोडलो तर नाव माझा जायत, झिला.”

बाटली मी माडाच्या मुळात ओतली, आत गेलो आणि पाना लावला. नळ मानेतच तुटला. साहेब धावत आले. मी सांगितलं, म्हाताऱ्याने हातोडीने आधीच चीर पाडून ठेवली होती.