बैल मागे आणायचे राहिले

मोटार सुटली तेव्हा निरोपाला आबा, माझे वडील, नव्हते. मळ्यात केळीची कापणी चालू होती आणि घरचा एक माणूस कमी पडत होता, तो मीच. व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन मी यावल सोडलं. माय एवढंच म्हणाली, "पोचला का कागद टाकजो." तुम्ही गावी राहिलेले असा की माझ्यासारखे निघून गेलेले, तुमच्यापाशी कबूल करतो: दोन महिने मी घरी पत्र टाकलं नाही.

मुंबईत सिनेमाच्या स्टुडिओत वादकांच्या रांगेत बसून वाजवलं. हात सुधारला, मन खात राहिलं. दहाएक वर्षांनी एकट्या व्हायोलिनसाठी एक रचना केली. तिला राग नाही, ताल नाही. बैलांनी ओढलेली भरली मोट विहिरीतून वर येताना चाक कण्हतं, तसा सूर गजानं ओढत ओढत चढवायचा आणि विहिरीच्या काठावरच्या थारोळ्यात पाणी पडावं तसे सगळे सूर एकदम सोडायचे. मुंबईच्या जाणकारांनी मान डोलावली. मला मात्र ती आबांना ऐकवायची होती. ज्यासाठी त्यांना सोडून गेलो ते हेच. ते त्यांना फोल वाटलं असतं, तर दाखवायला माझ्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

गावी जाऊन मळ्यात, विहिरीपाशी वाजवली. शेजारचे नाना म्हणाले, "लग्नात वाजवशीन तं नवरी पळून जाईन." सगळे हसले. आबा हसले नाहीत.

"मोट आपलीच हाये," ते म्हणाले. "पन बैल मांगे आनलेच नही तू. रिकामी मोट खाली कोन सोडीन?"

खरंच होतं. मोट ओतली की बैलांना उलट्या पावलांनी विहिरीकडे आणायचं, मोट खाली जाते, चाक सैल खडखडतं. मोटेवर वाढलेला मी, रचनेत एकदाच पाणी काढून निघून आलो होतो.

आबांनी कासरे माझ्या हाती दिले. मी बैल हाकत होतो आणि ते थारोळ्यावर बसून तो खडखडाट तोंडानं करून दाखवत होते. इतका मी कित्येक वर्षांत हसलो नव्हतो. हसता हसताच बोलून गेलो, ऐन केळीच्या कापणीत गेलो, आबा.

"केयी तं कापल्या गेली," ते म्हणाले. "तू वाजव."

आता त्या रचनेचा शेवट लांबला आहे. पाणी पडलं की मुंबईचे लोक टाळ्या वाजवायला लागतात. मी गज उचलत नाही. रिकामी मोट खडखडत विहिरीत उतरेपर्यंत वाजवतो, आणि तेवढा वेळ मी घरी असतो.