बिनखिंडाराची भिंत

ऑक्टोबरातला दुसरा शनिवार. स्थळ: चीनमधल्या शिआन शहराची जुनी तटबंदी. हजर: मी, माझा नवरा संजय आणि सासूबाई. गैरहजर: तटबंदीला पडलेलं खिंडार. पुढे जो घोळ झाला त्याला हे खिंडार जबाबदार आहे, मी नाही. (हे घरात कोणालाही पटलेलं नाही. न पटो!)

आम्ही चीनला का गेलो ते आधी सांगते. सासूबाईंचं माहेर म्हणजे वसईतला गणपतीचा कारखाना. अजूनही श्रावण लागला की त्या आमच्या माणिकपूरच्या घरातून भावाकडे मुक्काम हलवतात आणि मूर्तींचे डोळे आखायला बसतात. एकदा त्यांनी टीव्हीवर शिआनचे मातीचे सैनिक पाहिले. हजारो सैनिक, माणसाच्या उंचीचे, कुठल्याशा राजाच्या थडग्याजवळ पुरलेले, आणि म्हणे एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही! झालं. तेव्हापासून एकच धोशा.

"एवढे चेहरे हातानं केले? साचा नाय लावला? मला जवलून बगायचंय."

आमच्या अख्ख्या सहलीचं कारण हे एवढंच. बाकीचा चीन आईंच्या लेखी वाटेतली स्टेशनं होती.

तर त्या शनिवारी सकाळी तटबंदी, दुपारी दोनला बस आणि मग सैनिक. रविवारी पहाटे पुढच्या गावाची गाडी. म्हणजे सैनिक बघायचे तर त्याच दुपारी, नाहीतर नाहीच.

"दोनला म्हणजे दोनला," टूर मॅनेजर केदारने बजावलं. हा नियम त्याचा नव्हता, माझा होता! आदल्या दिवशी विरारच्या मनवेलपाड्याचे सावे काका आणि काकू चिनी कपबशा निवडत बसले आणि सगळी बस खोळंबली. तेव्हा मीच बसमध्ये उभी राहून म्हणाले होते, "उशीर करणाऱ्याला सोडून निघायचं. मग तो कोणीही असो!" टाळ्यासुद्धा पडल्या होत्या.

तटबंदीवर चढलो. वरून दोन ट्रक आरामात शेजारी-शेजारी जातील एवढी रुंद. आई इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "हा तट हाय का हायवे?"

फिरलो, फोटो काढले, सावलीत बसून चिवडा खाल्ला. एक वाजून गेल्यावर एका दरवाजापाशी आलो. तिथे खाली उतरायला जिना होता. संजय जिन्याकडे वळला.

"थांब," मी म्हणाले. "ती बघ आपली बस. पुढे, तटाला लागूनच उभी आहे. इथे उतरलो तर खालून उलटसुलट फिरत बसावं लागेल. वरूनच जाऊ आणि बसच्या आसपास उतरू."

"उतरणार कुठून?"

"असेल की कुठेतरी पडकं."

"पडकं?"

"जुना तट आहे, संजय. पडकं असतंच."

आता यात माझं काय चुकलं? मी वसई किल्ल्याच्या शेजारी वाढले. बंदरावर जायचं असो की मैत्रिणीकडे, आम्ही कधी किल्ल्याच्या दरवाजातून गेलो नाही. दरवाजा पाहुण्यांसाठी! घरची माणसं खिंडारातून जातात. तट आला की तो कुठेतरी ढासळलेला असणार, ढासळला की तिथून पायवाट पडणार आणि पायवाटेच्या तोंडाशी कोणीतरी बकऱ्या घेऊन बसलेला असणार. हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे.

जिना मागे टाकून आम्ही निघालो. मी पुढे, संजय मागे, मधे आई. मी दर थोड्या वेळाने कठड्यावरून वाकून बघत होते. भोक नाही, भेग नाही. विटेतून उगवलेला पिंपळसुद्धा नाही!

"शुभा, ही लोकं दुरुस्ती करतात," संजय म्हणाला.

"सहाशे वर्षं? एकदाही कंटाळा आला नाही कोणाला?"

"यांची गुरं चढत नसतील वर," आईंनी कारण शोधलं. मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "पन आपुन उतरनार कवा?"

"आलंच, आई. हे वळण गेलं की."

वळण गेलं. पुढची भिंत मागच्या भिंतीपेक्षा शाबूत!

दोनला पाच कमी असताना आम्ही बसच्या बरोब्बर वर पोचलो. खाली वाकले आणि दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, आम्ही तीन-चार मजले उंचावर होतो. दोन, तट आणि बस यांच्यामध्ये पाण्याने भरलेला रुंद खंदक होता. तो लांबून दिसला नव्हता.

"खिंडार मिळालं असतं तरी पुढे पोहायचंच होतं," संजय म्हणाला.

"वसईच्या माणसाला पाण्याची भीती घालू नकोस!" मी म्हणाले. (मला पोहता येत नाही.)

फोन करावा, तर आमच्या फोनमध्ये फक्त हॉटेलच्या वायफायवर जीव यायचा. मग आम्ही हात हलवले. दोन्ही हात हलवले. आईंनी छत्री उघडली आणि गरागरा फिरवली. खालून सावे काकूंनी आम्हाला ओळखलं आणि आनंदाने हात हलवला. मग सगळ्या बसनेच हलवला. कोणी फोटो काढले. सावे काकांनी टाळ्यांचा ताल धरला!

"थांबा! येतोय! थांबा!" मी ओरडत होते.

केदार बसबाहेर आला. वर बघून त्याने मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं. वेळेची कल्पना आहे हे सांगायला मी अंगठा वर केला. त्यानेही अंगठा वर केला, बसमध्ये चढला आणि बस सुटली. दोनच्या ठोक्याला!

एरवी नियम पाळला म्हणून मला त्याचं कौतुकच वाटलं असतं.

आईंनी छत्री मिटली.

"गेली?"

"गेली."

"सैनिक बगायला?"

"हो, आई."

"आता तुजं पडकं शोद तू सावकाश."

पण मी हार मानणारी नाही. पुढचा जिना गाठला, खाली उतरले आणि टॅक्सी थांबवली. आईंच्या पिशवीत सैनिकाचा फोटो असलेलं पत्रक होतं, ते ड्रायव्हरसमोर धरलं. त्याने जोरजोरात मान हलवली. "बघा," मी आईंना म्हणाले, "बसच्या आधी पोचू!"

खरंच लवकर पोचलो. संशय यावा इतक्या लवकर! टॅक्सी एका हॉटेलसमोर थांबली. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन सैनिक उभे. ड्रायव्हरने फोटोकडे बोट केलं, सैनिकांकडे बोट केलं आणि समाधानाने निघून गेला.

आई उतरल्या. डावीकडच्या सैनिकाच्या पोटावर टकटक केलं. कडेने बोट फिरवलं. मानेमागे वाकून पाहिलं.

"पोकल. पीओपी. हा बग सांदा. साच्यातला हाय!"

तेवढ्यात वेटर हसत बाहेर आला. आईंनी त्यालाच धरलं. "डोले कोनी आखले याचे? एक बगतो विरारला, एक बगतो नायगावला!"

वेटरने कमरेत वाकून नमस्कार केला आणि आम्हाला तिघांचं टेबल दिलं. आम्ही नूडल्स खाल्ल्या. दुसरी टॅक्सी मिळून तिच्या ड्रायव्हरला नीट समजावेपर्यंत सैनिकांची दारं बंद व्हायची वेळ झाली होती.

संध्याकाळी बस परत आली. सावे काकूंना फार वाईट वाटलं. आईंना शेजारी बसवून त्यांनी मोबाइलवरचे सगळे फोटो दाखवले. प्रत्येक फोटोत मधोमध सावे काका. मागे कुठे एखाद्या सैनिकाचा कान, कुठे त्याच्या डोक्यावरचा अर्धा अंबाडा, कुठे मातीच्या घोड्याचं शेपूट.

आईंनी न कंटाळता सगळे पाहिले. शेवटी फोन परत देत म्हणाल्या, "हजार चेहरे कुठं? हा एकच चेहरा हाय."

जेवताना त्यांनी संजयला हळूच विचारलं, "साचा लावला असंल का रे?" संजयला माहीत नव्हतं. मला तर त्यांनी विचारलंच नाही.

घरी परतल्यावर आळीतल्या बायका विचारायला आल्या. आईंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "सैनिक नाय बगितले. सुनेनं भिंत दाखवली. चारी बाजूंनी." (चारी नाही, दोनच. पण वाद नको.) माझं म्हणणं मात्र मी बदललेलं नाही. सहाशे वर्षांत ज्या तटाला जाण्यायेण्यापुरतंही भोक पडत नाही, तो बांधणाऱ्यांनी माणसांच्या सोयीचा विचारच केलेला नाही. तसं मी केदारला सहलीच्या अभिप्रायात कळवलंही आहे.

पण आईंना सैनिक दाखवायचं काम राहिलंय ते राहिलंच आहे. गणपती उरकले की त्या संजयला घेऊन पुन्हा जाणार आहेत. मलाही विमानतळापर्यंत सोडायला यायची परवानगी आहे, पण मधला रस्ता सुचवायचा नाही या अटीवर.