सामसन मामांचा नांगर

स्पेअर पार्टच्या दुकानात गिऱ्हाईक येतं एक आणि सल्लागार चार. त्यामुळे माझ्या कोल्हारच्या दुकानात पार्ट कमी खपतात, किस्से मात्र ढिगानं साठतात. त्यातले निम्मे सामसन मामांच्या ट्रॅक्टरचे!

ट्रॅक्टर मामांच्या वडिलांनी घेतलेला. बुटका, लाल, आवाज विमानाचा आणि चाल म्हशीची. मामांचा त्याच्यावर लई जीव. यंदा नांगर जमिनीत उतरेचना, नुसता वरून खरवडत जायचा. मुलगा आशिष वैतागला. "पप्पा, रविवारपर्यंत नांगरट झाली तर ठीक, न्हाईतर सोमवारी भंगारवाला!" मामांचं तोंड एवढंसं झालं.

*

पहिले तज्ज्ञ शेजारचे पोपटराव. "वजन कमी पडतंय!" म्हणत स्वतःच नांगरावर बसले. त्यांचं पोट बघता सल्ला अगदीच अडाणी नव्हता. नांगर टेकला, पण ट्रॅक्टरची पुढची चाकं वर! मग तोल साधायला बाळू वेल्डरला पुढच्या बंपरवर बसवलं.

बांधावरून आशिष म्हणाला, "एवढी माणसं कुदळी घेऊन आली असती, तर एव्हाना रान उकरून झालं असतं."

*

दुसरा तज्ज्ञ मी. "मामा, फाळ झिजलेत. नवे टाका." माझ्या दुकानात दुसरा आजार निघतच नाही! नवे फाळ बसले आणि नांगर चकचकीतपणे खरवडू लागला.

*

रविवारी मामा चर्चमधून थेट रानात, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. "आज प्रार्थनेत पन ह्योच विषय मांडला," म्हणाले.

बाळूनं मोबाईलवर व्हिडिओ शोधला. सगळा पंजाबीत, पोपटरावांनी तो ठामपणे समजावून सांगितला. "टॉप लिंक, म्हंजी नांगराचा ह्यो वरचा दांडा, आखडायचा. मंग नांगराचं नाक खाली जातं." किती आखडायचा? बाळूनं संपेस्तोवर आखडला. वर पोपटराव सवयीनं नांगरावर बसलेच.

मामांनी गिअर टाकला आणि नांगर गपकन आत! काळी ढेकळं उलटायला लागली. "गेला रे, गेला!" मामा ओरडले. आम्ही टाळ्या पिटल्या. आशिषसुद्धा हसत बांधावरून खाली उतरला आणि एकदम धावत सुटला.

"पप्पा, थांबा! पाइपलाइन!"

कडाड! गेल्या वर्षी आशिषनंच मोठ्या हौसेनं पुरलेली. पलीकडं जनावरांच्या घासाला पाणी चालू होतं, ते सगळं इथंच आभाळाकडे निघालं. पोपटराव नांगरावर बसल्या जागी न्हाले.

मामा चिंब शर्टानं खाली उतरले. फुटलेल्या पाइपात डोकावले. मग डोळ्यांवरचं पाणी पुसून पोराकडे वळले.

"आता बोल! उतरला का न्हाई?"