देवीच्या आधी घास

गेल्या वर्षी ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा थिएटरबाहेरच्या बाकावर बसून मी जुव्यावरच्या देवीला नवस बोलले. हे सुखरूप घरी आले तर आम्ही दोघं उपाशीपोटी तुझ्या दर्शनाला चढून येऊ, नैवेद्य दाखवल्याशिवाय तोंडात काही घालणार नाही. उपाशीपोटी ही अट माझीच. देवीने मागितलं नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. नुसतं दर्शन म्हणजे फार स्वस्तात सुटल्यासारखं वाटलं मला.

जुवा म्हणजे आमच्याकडे खाडीतलं बेट. रत्नागिरीहून पहाटे निघायचं, आठला होडी, नऊला दर्शन, असा माझा बेत. निघताना ह्यांच्या हातावर नेहमीसारखी डायबिटीसची गोळी मीच ठेवली. खाडीवर पोचलो तर ओहोटी! होडी चिखलात कलंडलेली आणि होडीवाला माडाखाली आडवा. "पाणी भरल्याशिवाय नाय हलायची, वैनी." अख्खा जन्म कोकणात गेला आणि भरतीची वेळ विचारायचं सुचलं नाही, ह्याला काय म्हणावं? बरं, ह्यांनी तरी आठवण करावी की नाही? हे आपले शांतपणे बगळे बघत बसले. मी देवीवरसुद्धा चिडले. बोलावतेस तर पाणी तरी वेळेवर आण ना बाई!

पलीकडे उतरलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. धक्क्याजवळच्या घरातून कुळथाच्या पिठल्याचा वास येत होता. दारातली म्हातारी म्हणाली, "भाकरी हाय गरम, खाऊन चढा." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नवसाचं सांगून पुढे निघाले. देऊळ वर सड्यावर, डोंगराच्या सपाट माथ्यावर. आधी जांभ्याच्या पायऱ्या, मग उघडा तापलेला कातळ, सावलीचं नाव नाही. हे दहा पावलांवर थांबायचे. एकदा माझ्या हातातल्या नैवेद्याच्या पिशवीकडे बघत हळूच म्हणाले, "थोडा रस दे की त्यातला." मी खेकसलेच. "अहो, नैवेद्य आहे तो! तासभर कळ सोसवत नाही?"

देऊळ दिसायला लागलं आणि हे एका काजूच्या झाडाखाली बसले ते उठेचनात. शर्ट घामाने चिंब, हात लटलटत होते, आणि मला न ओळखता "मास्तर, मास्तर" म्हणायला लागले. साखर उतरली हे मला कळत होतं. मोबाईलला रेंज नव्हती, आसपास माणूस नव्हतं. पिशवीत घावनं होती आणि बाटलीभर गूळ घातलेला नारळाचा रस होता. आणि मी, लिहायलासुद्धा लाज वाटते, ती पिशवी पोटाशी धरून उभी! देवीच्या आधी उष्टं कसं करू? तिने दिलेला माणूस रागाने परत नेला तर?

तेवढ्यात खाडीच्या अंगाने एक बाई चढून आली. डोक्यावर कालवांच्या शिंपल्यांची टोपली, कासोटा ओला, हात कोपरापर्यंत चिखलाचे. तिने ह्यांच्याकडे एकदा पाहिलं.

"गोळी घेतलान काय?"

"हो."

"नि पोटात?"

"काही नाही. नवस आहे."

"अगो बाय माझे! घोवाला मारून नवस फेडतंस?" तिने पिशवी माझ्या हातातून ओढली. देवीचा नैवेद्य आहे म्हणून मी ओरडले, तर म्हणते, "आय हाय ना ती? लेकरू उपाशी असताना आय आदी जेवते काय गो कुठं?" आणि त्याच चिखलाच्या हातांनी तिने ह्यांना मांडीवर टेकवून घोटघोट रस पाजला, मग घावनाचे तुकडे भरवले.

पाव तासाने ह्यांची नजर थाऱ्यावर आली. माझ्याकडे बघून पहिलं वाक्य काय, तर "गूळ जरा कमी पडलाय गं." रडू, हसू आणि संताप एकदमच आले. ह्यांना सावरून वळले तोवर ती बाई टोपली उचलून निघालीसुद्धा. नाव विचारायचं राहून गेलं. नातेवाईक म्हणतात, देवीच आली ती. मी वाद घालत नाही. पण माझी जी खरडपट्टी काढली ती मात्र पक्की आमच्या खाडीकाठची होती.

देवळात गेलो तेव्हा दाखवायला काही उरलं नव्हतं. पाठ केलेलं गाऱ्हाणं तोंडातून फुटेना. ज्या माणसाचा जीव तिच्याकडून मागून घेतला, त्यालाच तिच्या नावाने उपाशी मारायला निघाले होते मी. "चुकलं गं आई," एवढंच म्हटलं. गुरवांच्या घरी उकड्या तांदळाची पेज आणि फणसाची भाजी जेवलो. ह्यांनी दोनदा भाजी मागून घेतली.

उतरताना हे अगदी सहज म्हणाले, "मघाशी मला वाटलं, तू काही रस देत नाहीस." त्यात राग नव्हता.

आता मी तिला अटी घालत नाही. राखणारी ती आहे, मध्ये लुडबुड करणारी मी कोण? त्या चिखलाच्या हातांना रोज दिवा लावताना नमस्कार करते. तोही ह्यांचा नाश्ता झाल्यावर. आमच्याकडे आता नाश्ता पहिला, देवपूजा दुसरी.