मेणाच्या डबीतलं औषध

गजकर्ण झालं की आमच्या गावातले लोक अजून माझ्याकडे येतात. करडीचं तेल तापवायचं, त्यात मेणाचा तुकडा विरघळवायचा, भांडं खाली उतरवून बोट सोसेल इतकं निवू द्यायचं, मग मध घालून घट्ट होईस्तोवर घोटायचं. तापत्या तेलात मध घातला तर वाया जातो. कोणी विचारलं, हे कुठं शिकलात, की मी सांगत आले, माझ्या आईनं शिकवलं. माझ्या आईला मेण कुंकवाखाली लावतात एवढंच माहीत होतं. मी चौथी शिकले आहे, लिहिता येतं, म्हणून खरं काय ते लिहिते.

लग्न होऊन रिसोडजवळच्या या गावात आले तेव्हा आमचा जिल्हा अकोला होता. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. पहिल्याच पावसाळ्यात मी निंदायला जाऊ लागले. सकाळी भिजलेलं लुगडं संध्याकाळपर्यंत कमरेला आवळलेलं. भादव्यात कमरेवर रुपयाएवढं चकंदळ उठलं. कडेनं लाल, मधे कोरडं. ते पसरत गेलं. मी रक्त येईस्तोवर खाजवायचे. नवऱ्यानं पाहिलं होतं. तो म्हणाला, "मायले दाखवू नोको, बोंब करन."

बोंब करण्यासारखंच होतं. अंगावर डाग दिसला म्हणून गावातल्या एका सुनेला महारोगी म्हणून माहेरी पाठवली होती. ती परत आली नाही. माझ्या माहेरी पाठीवरच्या दोन बहिणी लग्नाच्या होत्या. मी परत गेले असते तर त्यांनाही कोणी केलं नसतं. म्हणून मी गप्प राहिले. इथवर मी स्वतःला दोष देत नाही.

दसऱ्यानंतर मोहोळवाली आली. गावाबाहेरच्या वस्तीत राहायची. तिचा नवरा रानातली मोहळं झाडायचा आणि ती सहद, म्हणजे मध, आणि मेण घेऊन घरोघर फिरायची. सहद कोणी कधीमधी घ्यायचं, पण मेण प्रत्येक घराला लागायचं. कपाळाला मेण लावल्याशिवाय कुंकू टिकत नाही. सासू तिच्यासाठी ज्वारी आणायला आत गेली. मी ओट्यावर बसले होते.

"काय वं, कमरेले काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही."

"काही नाही त खाजवून काहून राह्यली? दाखव."

मी दाखवलं. तिनं वाकून पाहिलं. मी हळूच विचारलं, "महारोग हाय का?"

ती हसली. "महारोगाले खाज राह्यते का, येडे? त्याले त टोचलं तरी समजत नाही. गजकर्ण हाय हे. वलं लुगडं दिवसभर आवळून बसता अन् मंग रोग म्हनता."

तिनं मेणाचा गोळा आणि बाटलीत थोडा मध माझ्या हातात कोंबला. कृती सांगितली. मग म्हणाली, "आंग कोरडं करून दोन टायमाले लावजो. डाग गेला तरी पंधरा दिवस लावजो. अन् तुयं लुगडं कोनाले देऊ नोको, कोनाचं घेऊ नोको. आंगावरचं उकळत्या पान्यातून काढजो. औषध अर्धं, हे अर्धं."

सासू ज्वारी घेऊन बाहेर आली तेव्हा ती हवापाण्याचं बोलत होती.

घरात कोणी नसताना मी मलम केलं आणि कुंकवाच्या करंड्यातल्या मेणाच्या डबीत भरलं. सुनेच्या मेणाची डबी कोण उघडतं? मुंग्या मात्र लागल्या. माझी नणंद तेव्हा पंधरा वर्षांची होती, तोंडानं चुरचुरीत. ती म्हणाली, "वहिनी, तुह्या मेणाले मुंग्या लागून राह्यल्या. कुंकू गोड हाय का तुयं?" मी म्हटलं, हाताचा गूळ लागला असेल.

खाज आठ दिवसांत कमी झाली. दिवाळीपर्यंत चकंदळ पुसट झालं. गेलं नव्हतं.

आमच्या घरात चांगलं लुगडं एकच होतं. हिरवं नागपुरी. ते सासूच्या पेटीत असायचं आणि जिला बाहेर जायचं ती नेसायची. सगळ्या घरांत असंच होतं. दिवाळीनंतर शेजारी बारसं होतं. सासूनं पेटी उघडली आणि ते लुगडं माझ्यासमोर धरलं.

"राहू द्या आत्याबाई, माह्य हाय ते बरं हाय," मी म्हटलं.

"बरं काय हाय? लोकं म्हनतीन, सासू सुनेले नेसवत नाही. घे."

मी घेतलं. घरी आल्यावर ते धुतलं नाही. चांगलं लुगडं दर वेळी धुवायची रीत नव्हती. अंगणात दोरीवर वाऱ्याला टाकलं. दुसऱ्या दिवशी मोहोळवाली आली तेव्हा ते तिथंच होतं. डोक्यावर टोपली होती, म्हणून तिनं हातानं लुगडं बाजूला सारलं आणि आत आली.

चार दिवसांनी नणंदेला बघायला पाहुणे आले. सासूनं तेच लुगडं काढलं. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. लुगडं विटाळलं, उंदरानं कुरतडलं, काहीही सांगता आलं असतं. मी तिच्या निऱ्या करून दिल्या. "जरा आवळून बांध वं वहिनी, पाहुन्यापुढं सुटन," ती म्हणाली. मी आवळून बांधलं.

पाहुण्यांनी पसंत केली. पंधरा दिवसांनी तिच्या कमरेवर तसंच चकंदळ उठलं.

सासूनं मला आणि तिला आत घेतलं, दार लावलं. "हे घरात आलं कोठून?" माझ्याकडे वळून म्हणाली, "तुले त नाही ना?"

माझं तोवर जवळजवळ गेलं होतं. मी म्हटलं, "मोहोळवालीनं दोरीवरचं लुगडं हातानं सारलं होतं. मी पाह्यलं."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला इतकं सहज बोलता आलं.

सासूनं नणंदेचं नाव न काढता विहिरीवर एवढंच सांगितलं, की मोहोळवालीच्या हाताला रोग आहे. त्याच हातचं मेण आपण कपाळाला लावतो, असं कोणीतरी म्हणालं. ते पुरलं. आठ दिवसांनी ती आली तेव्हा एकाही घरानं तिला अंगणात घेतलं नाही. आमच्या दारात सासू आडवी उभी राहिली.

"इकडं पाय ठेवू नोको. तुह्या हातानं रोग आला माह्या घरात."

तिनं सासूच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी सुपानं ज्वारी पाखडत होते. ती एक वाक्य बोलली असती तरी पुरलं असतं, कोणाची कमर तिनं आधी पाहिली होती ते. ती म्हणाली, "ज्याले झालं त्याले वलं लुगडं नेसू देऊ नोका बाई." टोपली उचलली आणि गेली. मी पाखडत राहिले.

डबीत उरलेलं मलम मी नणंदेला लावलं. सासूनं विचारलं तेव्हा म्हटलं, माझ्या आईचं औषध आहे. महिनाभरात नणंद साफ बरी झाली. तिचं लग्न झालं. सासू सगळ्यांना सांगू लागली, सून गुणाची आहे. लोक मलम मागायला येऊ लागले.

उन्हाळ्यात मेण संपलं. आम्ही बैलगाडीनं रिसोडच्या बाजाराला गेलो. सासू गाडीत बसून राहिली, मी मेण शोधत फिरले. बाजाराच्या टोकाला मोहोळवाली बसली होती.

"मेण पाह्यजे," मी म्हटलं.

"घ्या ना. आता तुमीच वैदीण झाल्या म्हने." आधी ती मला तू म्हणायची. "नणदेचं बरं झालं?"

"झालं."

"अन् तुमच्या गावच्या बाया कोरडंच कुंकू लावून राह्यल्या का?"

"इथल्या दुकानातून आनतात मेण."

ती हसली, पण मोठ्यानं नाही. "त्या दुकानवाल्याले मीच देतो. म्हंजे तुमच्या कपाळाचं सारं माह्याच हातचं हाय."

माझ्या तोंडात शब्द आले होते. इतक्यात सासूनं गाडीतून हाक मारली, "आटोप वं, ऊन चढून राह्यलं." मी मेण उचललं आणि आले. पुढं दोन वर्षं ती तिथं दिसली. मी दर वेळी दुकानातूनच मेण घेतलं. मग ती दिसेनाशी झाली. मी कोणाला विचारलं नाही.

नणंद आता माझ्याएवढीच म्हातारी झाली आहे. कुठंही चार बायका जमल्या की सांगते, "वहिनी नसती त माह्य लग्नच मोडलं असतं." मी ऐकून घेते. हे कागद तिला वाचून दाखवायचे म्हणूनच लिहायला घेतले. मागच्या आठवड्यात ती येऊन चार दिवस राहिली. नातवाच्या मानेला गजकर्ण झालं होतं, त्याच्यासाठी मलम घेऊन गेली. कागद मेणाच्या डबीखालीच होते. डबी उचलून मी तिच्या हातात दिली आणि कागद पालथे केले.