ददात हाय

ददात हा शब्द एकटा फिरत नाही, त्याच्या मागे ‘नाही’ लागतंच, असं मी कर्जतच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवत आले. ददात म्हणजे उणीव, चणचण. पण ‘आमच्याकडे ददात आहे’ असं कोणी म्हणत नाही. ‘कशाची ददात नाही’ असंच म्हणायचं.

धाकट्या बहिणीला बघायला मोहोपाड्याहून पाहुणे आले, तेव्हा मुलाचे वडील म्हणाले, “पोरीला कशाची म्हणून ददात पडणार नाही.” कारखान्याच्या कॉलनीतल्या माणसाच्या तोंडी हा जुना शब्द! मी तिथंच खूश. आई म्हणत होती, जरा चौकशी करू. मी म्हटलं, चौकशी कसली, माणूस बोलण्यावरून कळतो. स्वयंपाकघरात बहिणीनं हळूच विचारलं, “ददात म्हंजे काय गं ताई?”

“जी तुला तिकडं मिळणार नाही ती,” मी म्हणाले, आणि आम्ही दोघी खिदळलो.

लग्नानंतर दोन-अडीच महिन्यांनी तिची चिठ्ठी आली. आमच्या गावचे एक काका तिकडं कामाला जायचे, त्यांच्या हाती. वहीचा फाडलेला कागद. ‘ताई, इथं ददात हाय. फ्रीजला कुलूप हाय. सगल्यांच्या मागून वाढतात, कधी नुसती आमटी उरते. फोन काढून घेतलाय. मला घेऊन जा.’

मला राग आला. खरं सांगते, दया नाही, रागच. ही लाडावलेली, आमटीत मीठ कमी पडलं तरी तोंड फुगवणारी. सासर म्हणजे काय माहेरची पंगत? आणि स्थळ मी पसंत केलेलं. ती परत आली असती तर गावानं माझ्याच तोंडात शेण घातलं असतं. समोर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा होता, हातात लाल पेन. मी ‘हाय’ खोडून ‘आहे’ केलं. ‘सगल्यांच्या’मधला ल सुधारला. ‘ददात’खाली दोन रेघा मारून समासात लिहिलं, ‘ददात नेहमी नाही असते.’ ‘मला घेऊन जा’ या वाक्यात चूक नव्हती, म्हणून तिथं पेन लावलं नाही. दुसऱ्या दिवशी कागद काकांच्याच हाती परत पाठवला. काय माज होता बाई माझा!

पुन्हा चिठ्ठी आली नाही. आई विचारायची, मी म्हणायचे, रुळली.

दिवाळीनंतर गेले एकदाची, खालापूरला एसटी बदलून. दार तिनंच उघडलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. फ्रीजला खरंच कुलूप, किल्ली सासूच्या कमरेला. सासू खुर्ची टाकून समोरच बसली, हलेचना. मी तिच्या देखतच म्हणाले, “चल गं घरी. आत्ता चल, माझ्याबरोबर.”

बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. मग वर्गात उभं राहून उत्तर देतात तसं म्हणाली, “नको ताई. मला इथे कशाचीही ददात नाही.”

‘हाय’ नाही, ‘नाय’ नाही. एक अक्षर चुकलं नाही.

“बाईंची बहीण शोभते हो,” सासू म्हणाली.

मी चहा संपवला आणि साडेचारची गाडी पकडली. घरी आई दारातच उभी. “कशी हाय गं पोर?”

“कशाची ददात नाही,” मी सांगितलं.